धनेशाच्या छापाचे जर्नल

विज्ञानाचे नियतकालिक अंक विकून चालत नाही. गोगलगायीच्या एखाद्या नव्या जातीचे वर्णन किंवा घाटातल्या एका गवताची पहिली नोंद मुळापासून वाचणारी माणसे जगभरातून गोळा केली, तरी एका एसटीत मावतील. लेख मात्र छापावाच लागतो. आज ज्याला कोणी विचारत नाही तो चाळीस वर्षांनी कोणाला तरी हवा असतो, आणि तेव्हा तो सापडावा लागतो. मग छपाईचा, चित्रांचा, टपालाचा खर्च कोणी करायचा?

रायगडच्या किनाऱ्याशी नाते असलेल्या एका विज्ञानसंस्थेचा इतिहास लिहा, असे या स्मरणिकेच्या संपादकांनी सांगितले, तेव्हा अलिबागची चुंबकीय वेधशाळा कोणालाही आधी आठवेल. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निवडली. ती मुंबईची खरी. पण तिच्या कहाणीत उरण आहे, किहीम आहे, म्हसळ्याची गिधाडे आहेत. शिवाय तिने वरच्या प्रश्नाला दिलेले उत्तर गमतीचे आहे. सभासदांची वर्गणी, देणग्या, अनुदाने हे खांब होतेच. त्यांच्या जोडीला या संस्थेने शंभराहून अधिक वर्षे काही ना काही विकले. आधी चित्रे विकली, मग तक्ते, पत्ते, पुस्तके, भेटकार्डे, दिनदर्शिका, आणि आता टी-शर्ट, टोप्या, कॉफीचे मग. या सगळ्या मालाच्या आडोशाला एक कोरडे, जाडजूड, लॅटिन नावांनी भरलेले जर्नल निघत राहिले.

सोसायटीची स्थापना 15 सप्टेंबर 1883 ची. मुंबईतले आठ हौशी लोक भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, जमले. सहा इंग्रज आणि दोन आपले. प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग हे एक, आणि वनौषधींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन हे दुसरे. सखाराम अर्जुन म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील. ही संस्था साहेबांनी काढली असे सर्रास म्हटले जाते. ते पाऊण खरे आहे. उरलेला पाव भाग या दोन मराठी डॉक्टरांचा.

पहिले मानद चिटणीस एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. जन्म साताऱ्याचा, नोकरी जकात आणि मीठ खात्यात. या नोकरीने त्यांना खाराघोडा, कारवार, गोव्याची सरहद्द, रत्नागिरी असे फिरवले, आणि त्यात आपले उरणही होते. मिठागरांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला करायला काम थोडे आणि बघायला पक्षी पुष्कळ. ‘ईहा’ या टोपणनावाने त्यांनी जे लिहिले त्यात बंगल्यातल्या पाली, मुंग्या, कावळे यांच्यावरचे खुसखुशीत निबंध आहेत. सोसायटीचा स्वभाव पहिल्यापासून असा दुहेरी आहे. एकीकडे शास्त्र, दुसरीकडे सामान्य माणसाला गंमत वाटेल असे काहीतरी. विक्रीयोग्य मालाचे मूळ मला या दुसऱ्या अंगात दिसते.

संस्थेला जागा नव्हती. ती दिली हर्बर्ट फिप्सन यांनी, आणि फिप्सन यांचा धंदा होता मद्यविक्रीचा. आधी फोर्ब्स स्ट्रीटवर आणि 1886 पासून अपोलो स्ट्रीटवर, त्यांच्या पेढीच्या जागेत सोसायटीचे साप, कातडी, अंडी आणि कागदपत्रे राहू लागली. ज्या वर्षी ही जागा मिळाली त्याच वर्षी, जानेवारी 1886 मध्ये, जर्नलचा पहिला अंक निघाला. एटकिन आणि आर. ए. स्टर्नडेल हे संपादक. म्हणजे हिंदुस्थानातल्या या नामांकित निसर्गनियतकालिकाला पहिला आसरा दारूच्या दुकानाने दिला. दारूबंदीच्या चळवळीत वाढलेल्या आपल्या पिढीला हे थोडे खटकेल, पण आहे ते आहे.

याच पेढीत 1894 साली कारवारहून धनेशाचे एक पिल्लू भेट म्हणून आले. मोठा धनेश, कोकणात धनेशाला गरुड म्हणतात. त्याचे नाव विल्यम ठेवले. तिसऱ्या वर्षाअखेर तो सव्वाचार फूट लांब झाला. केळी आणि रानउंबरे तर तो खाईच, शिवाय जिवंत उंदीर, विंचू आणि कच्चे मांसही त्याला चाले. पाण्याला मात्र तोंड लावत नसे. तीस फुटांवरून फेकलेला टेनिसचा चेंडू चोचीत अचूक झेलणे ही त्याची खास कला. फिप्सन यांच्यानंतर 1906 मध्ये चिटणीस झालेले डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्या खुर्चीमागे त्याचा पिंजरा असे. 1920 मध्ये तो मेला. तारेचा तुकडा गिळल्याने मेला असे सांगत. पण संस्थेचे अभिरक्षक राहिलेल्या नॉर्मन किनियर यांना ते पटले नव्हते. जळती सिगार गिळून जो पचवतो त्याला तारेचे काय? मिलर्ड निघून गेले, त्या मित्राच्या वियोगानेच तो गेला, असे त्यांचे मत.

हा विल्यम सोसायटीचे बोधचिन्ह झाला. आज छातीवर धनेश असलेला शर्ट घालून फणसाडच्या जंगलात फिरणाऱ्या मुलांना ठाऊकही नसेल, की हा कोणी काल्पनिक पक्षी नाही. त्याला नाव होते, खोडी होत्या, आणि कचेरीत ठरलेली जागा होती. कंपन्या बोधचिन्हासाठी चित्रकाराला पैसे मोजतात. सोसायटीला ते पिंजऱ्यात बसलेले आयते मिळाले.

आता चित्रांकडे वळू. जर्नलमध्ये ई. सी. स्टुअर्ट बेकर यांची बदकांवरची लेखमाला रंगीत पट्टांसह आली. दगडी छापाचे ते रंगीत पट्ट इंग्लंडातल्या नामवंत पक्षीचित्रकारांच्या हातचे. तीच लेखमाला 1908 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. ते पुस्तक घेणारे बहुतेक शिकारी होते. डिसेंबरात तळ्यावर बंदूक घेऊन जाणाऱ्या साहेबाला आपण मारलेले बदक कोणते हे कळावे, एवढीच त्याची गरज. पण त्याच्या खिशातल्या पैशावर शास्त्र पुढे सरकले. आधी जर्नलमध्ये लेख, मग त्याचे पुस्तक, मग त्यातल्या चित्रांचा आणखी काही उपयोग, ही वहिवाट तेव्हापासून पडली.

चित्रांचा सौदा नेहमी फायद्याचाच होतो असे मात्र नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1686 मध्ये फ्रान्सिस विलबी यांचा माशांवरचा सचित्र ग्रंथ हौसेने छापला. तो खपला नाही. तिजोरी इतकी रिकामी झाली की पुढच्याच वर्षी न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’साठी संस्थेकडे पैसे उरले नाहीत. एडमंड हॅली यांनी तो पदरमोड करून छापून घेतला, आणि त्याच हॅलींना पगाराऐवजी माशांच्या ग्रंथाच्या प्रती देण्यात आल्या. विज्ञानसंस्थेच्या गोदामात न खपलेला माल पडला की काय होते याचा हा जगातला सर्वात प्रसिद्ध दाखला. आपल्या सोसायटीने तो वाचला होता की नाही कोण जाणे. तिने शक्यतो लोकांच्या उपयोगाचेच चित्र विकले.

त्यातले सर्वात उपयोगी चित्र सापांचे. फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरांनी जर्नलमध्ये भारतीय सापांवर दीर्घ लेखमाला लिहिली आणि विषारी साप कसे ओळखावेत यावर सोसायटीने त्यांचे छोटे पुस्तक काढले. 1928 पर्यंत त्याच्या चार आवृत्त्या झाल्या. वॉल यांची रीत अशी: रंगावर जाऊ नका, खवले बघा. वरच्या ओठावरचा तिसरा खवला पुढे नाकाच्या खवल्याला आणि मागे डोळ्याला टेकलेला असेल तर तो नागाच्या कुळातला. पाठीच्या मधोमध जाणाऱ्या ओळीतले खवले बाजूच्यांपेक्षा मोठे असतील तर मण्यारीचा संशय घ्या. डोक्यावर मोठ्या ढालींऐवजी बारीक खवले भरलेले असतील आणि पोटावरचे पट्टे आडवे सबंध असतील, तर तो घोणस किंवा फुरसे. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये खळगा असेल तर चापडा. कोकणात, जिथे फुरसे दगडाखालून निघते आणि भाताच्या कापणीत हात कुठे पडेल याचा नेम नसतो, तिथे ही ओळख म्हणजे नुसती हौस नव्हे. सोसायटीने विषारी सापांच्या ओळखीचा भिंतीवर लावायचा तक्ता काढला आणि तो मराठीतही काढला. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या जर्नलच्या मलपृष्ठावर प्रकाशनांची यादी असे. तीत या तक्त्यापुढे लिहिलेले दिसते, की तो आता फक्त गुजराती आणि मराठीत शिल्लक आहे. किंमत रुपयांत, तीही एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

ती मलपृष्ठे हे माझे आवडते वाचन आहे. आत कोणी अंदमानच्या पाकोळ्यांवर लिहितो आहे, आणि पाठीवर दुकान मांडलेले आहे. पक्ष्यांची चित्रकार्डे, चाळीसचा संच. हुमायून अब्दुलअली यांची महाराष्ट्रातल्या पक्ष्यांची यादी. ब्लॅटर आणि मिलर्ड यांचे भारतातल्या सुंदर वृक्षांवरचे पुस्तक. आपले पक्षी, आपल्या पावसाळी वनस्पती, आपले प्राणी अशा रंगीत चित्रांच्या पुस्तिका, हिंदी, गुजराती, कन्नडमध्ये. स्वातंत्र्यानंतर शाळाशाळांत निसर्गशिक्षण न्यायचे ठरले त्या काळाचे हे वारस. पुढे या यादीला भेटकार्डे आणि दिनदर्शिका जोडल्या गेल्या.

पण या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे सालिम अलींचे पुस्तक, आणि त्याची वाट आपल्या किहीमवरून जाते. 1908 च्या सुमारास गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक मेलेली चिमणी घेऊन एक मुलगा अपोलो स्ट्रीटवर मिलर्ड यांच्याकडे गेला, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकली आहे. विल्यम तेव्हा खुर्चीमागे होताच. पुढे तो मुलगा बर्लिनला पक्षीतज्ज्ञ श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकून 1930 मध्ये परतला तो बेकार. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची नोकरीची जागा रद्द झाली होती. मुंबईचे भाडे परवडेना, तेव्हा पत्नी तेहमिना यांच्या घरच्यांच्या किहीमच्या घरात दोघे राहायला आले. अलिबाग तालुका, जिल्हा तेव्हाचा कुलाबा. पावसाळा सुरू झाला आणि घराजवळ सुगरणींची वसाहत विणकामाला लागली.

सालिम अलींना वेळच वेळ होता. ते शिडी लावून बसले आणि बघत राहिले. जे दिसले ते असे: विणतो तो नर, मादी नव्हे. तो खोपा अर्धा विणून ठेवतो. माद्यांचा थवा येतो, आत शिरून ओढून-ताणून बघतो. एखादीने घर पसंत केले तरच नर ते पुरे करतो, खालचे लांब नळकांडे विणतो. ती अंड्यांवर बसली की हा लगेच दुसऱ्या खोप्याला सुरुवात करतो, दुसऱ्या बायकोसाठी. पसंत न पडलेले अर्धे खोपे तसेच लटकत राहतात. आपल्या बाया-बापड्यांनी खोप्याचे श्रेय पिढ्यानपिढ्या सुगरणीला दिले, ते किहीमच्या एका पावसाळ्यात नराकडे गेले. हा लेख 1931 मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला, आणि सालिम अलींचे नाव शास्त्रज्ञांत झाले. लिहिणारा बेकार, छापणारी संस्था बेताची. पण त्या वेळी जर्नल नसते तर किहीमचे ते निरीक्षण वहीतच राहिले असते.

दहा वर्षांनी, 1941 मध्ये, सोसायटीने त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ काढले. प्रत्येक पक्ष्याचे रंगीत चित्र आणि समोर त्याची मोजकी माहिती, एवढीच मांडणी. ते असे खपले की संस्थेच्या कोणत्याही मालाला ते भाग्य पुन्हा लाभले नाही. नेहरूंनी डेहराडूनच्या तुरुंगातून मुलीला हे पुस्तक पाठवले, आणि त्याने आपल्याला पक्षी दाखवले असे इंदिरा गांधींनी पुढे नमूद केले. अकरावी आवृत्ती 1979 मध्ये, बारावी लेखकाच्या जन्मशताब्दीला 1996 मध्ये, तेरावी 2002 मध्ये. त्याच्याच धर्तीवर एस. एच. प्रेटर यांचे प्राण्यांचे पुस्तक 1948 मध्ये, जे. सी. डॅनियल यांचे सरपटणाऱ्या प्राण्यांचे 1983 मध्ये. फुलपाखरांचे 2008 मध्ये आले ते आयझॅक किहिमकरांचे. आडनावावरून ओळखलेत तर बरोबर ओळखलेत. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांची नावे आडनावात जपलेल्या बेने इस्रायलांपैकी ते एक. किहीमने सोसायटीला दोनदा दिले.

स्वातंत्र्यानंतर संस्थेची आर्थिक ओढाताण झाली तेव्हा सालिम अलींनी थेट नेहरूंकडे मदत मागितली आणि ती मिळाली. 1965 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या आवारालगत हॉर्नबिल हाऊस हे स्वतःचे घर झाले. 1975 मध्ये त्यांना गेटी पारितोषिक मिळाले, पन्नास हजार डॉलरचे. त्यातली मोठी रक्कम त्यांनी सोसायटीलाच दिली. 1976 पासून ‘हॉर्नबिल’ हे सभासदांसाठीचे सुटसुटीत मासिकवजा प्रकाशन निघू लागले. आता जर्नल वाचवत नाही अशा सभासदालाही वर्गणीच्या बदल्यात हाती काहीतरी पडू लागले. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

सोसायटीच्या नावाची एक वस्तू मात्र कधीच विकली जात नाही: पक्ष्यांच्या पायातली कडी. 1927 पासून सोसायटी पक्ष्यांना कडी घालते. 1959 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने ते काम मोठ्या प्रमाणावर झाले. कड्यावर क्रमांक आणि ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे. उरणच्या पाणथळीत उतरणाऱ्या एखाद्या तुतवारीच्या पायात ती असते आणि ती तुतवारी उन्हाळ्यात सैबेरियाकडे निघते. इतकी लांब जाहिरात कोणत्या मगवरच्या धनेशाला जमणार?

मग आणि शर्ट यांच्याविषयी माझे मत सांगून टाकतो. त्यांना माझी हरकत नाही. फ्लेमिंगो बघायला आलेल्या पोराने टोपी घेतली तर दोन पैसे संस्थेला मिळतात आणि चार लोक धनेश बघतात. पण सोसायटीच्या मालाची जुनी ताकद त्यावरच्या शिक्क्यात नव्हती. तक्ता साप ओळखायला शिकवत होता, कार्डांचा संच पक्षी ओळखायला. विकलेली वस्तूच अर्धे काम करत होती. मगवर नुसते बोधचिन्ह असेल तर तो कोणत्याही कंपनीचा असू शकतो. त्यावर किनाऱ्यावरचे चार पाणपक्षी मराठी नावांनिशी छापले, तर तो पुन्हा सोसायटीचा होईल.

आणि या पैशावर जे चालते त्याचा एक नमुना. 1999 मध्ये जर्नलच्या 96 व्या खंडात विभू प्रकाश यांचा भरतपूरच्या गिधाडांवरचा लेख आला. संख्या कशी कोसळली याच्या सरळ नोंदी, आरडाओरडा नाही. भारतातल्या गिधाडांचा नाश होतो आहे हे जगाला त्या लेखाने कळले. 2004 मध्ये कारण सापडले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. म्हसळा तालुक्यात चिरगावच्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडे घरटी करतात. त्यांना वाचवण्यासाठी आपल्या जिल्ह्यातले कार्यकर्ते राबले तेव्हा संकट किती मोठे, हे त्यांना शोधावे लागले नाही. ते आधीच छापून आले होते.

मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरलात की शहीद भगतसिंग मार्गावर, लायन गेटसमोर, हॉर्नबिल हाऊस थोड्याच अंतरावर आहे. या स्मरणिकेच्या वाचकांना आणि विशेषतः किनाऱ्यावरच्या शाळांच्या मुख्याध्यापकांना एवढीच विनंती: एकदा आत जा. शर्ट घ्यायचा तर घ्या, पण आधी सभासद व्हा, आणि शाळेच्या वाचनालयासाठी पक्ष्यांचे एक पुस्तक घेऊन या.